बाबांच्या वाटेतला पाट

बाबांना दिसतं की नाही, यावरून आमच्या घरात एक अख्खा उन्हाळा भांडणं चालली, आणि त्या भांडणांना तोंड मी फोडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांनाही नाही. मुलं म्हणाली असती, आई, तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस, सोड ना आता. पण चौदा वर्षांच्या पोरीला बरंच कळतं, आणि मला तर जरा जास्तच कळायचं असं आमची आई म्हणायची. ते ती कौतुकाने म्हणत नसे.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं. मी आता सुकापुरात दुसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरीत समोर दुसऱ्या बिल्डिंगची गॅलरी येते आणि तिथल्या बाईने काय वाळत घातलंय ते मला तोंडपाठ असतं. पण तेव्हा आमच्या ओटीवरून थेट मिठागर दिसायचं. बाबा आणि मोठे काका, दोघांचं मिळून एकच मिठागर, एकच चूल. माघापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत आमच्या घराला एक आवाज असायचा, वाफ्यातलं मीठ फावडीने ओढल्याचा. खर्र, खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. त्या आवाजावर मी अभ्यास केलाय, त्या आवाजावर आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि चुलीच्या वायलावर सुक्या जवळ्याचं कालवण रटरटत असायचं. जेवणात मीठ कमी पडलं की काका हमखास म्हणायचे, "मिठागरवाल्याच्या घरात मीठ नाय, लाज वाटाला पायजे." हा विनोद रोज व्हायचा आणि रोज बाबाच तेवढे हसायचे.

बाबांची मिठाची रास पांढरीशुभ्र असायची. हे माझा बाप म्हणून सांगत नाही, पंचक्रोशीत तसं म्हणत. वाफ्याच्या तळाला काळा चिखल, त्याच्यावर मिठाचा थर. तो थर पुरता बसायच्या आत ओढलात तर चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. बसला की नाही हे पाण्याच्या रंगावरून ओळखायचं. बाबा बांधावर उभे राहून डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "आज नाय, परवा." काकांना ते जमत नसे. ते मोठे होते, धिप्पाड होते, भांडायला पुढे होते, पण वाफा ओढायचा की नाही हे ते धाकट्या भावाला विचारायचे. "शांत्या, बघ रे जरा," म्हणायचे. माझ्या मते काकांना पुढे जो राग आला तो या शब्दांपाशी सुरू झाला असावा. अर्थात हे माझं आत्ताचं शहाणपण.

बाबा पडले ते उघाडीवर. खाडीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला बांधात जी लाकडी झडप असते ती उघाडी. उधाणाच्या दिवशी ती वर खेचताना पाय सटकला आणि बाबा मागच्या मागे दगडावर आदळले, डोक्याचा मागचा भाग खाली. तीन दिवस शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी दवाखान्यात डोळे उघडले आणि भर दुपारी आईला म्हणाले, "दिवा लाव ना गो." आई तिथे रडली नाही, घरी येऊन मोरीत बसून रडली. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी मारून, थेंब घालून दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, डोळ्यांत काही दोष नाही, मार डोक्याला आहे. काका बरोबर होते. त्यांनी घरी येऊन यातलं पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं ते विसरले, की त्यांच्या कानात शिरलंच नाही, देव जाणे.

महिना-दीड महिना सगळे चांगले वागले. बाबा ओटीवर भिंतीला टेकून बसायचे, मांडीवर रेडिओ. आई बोय माशाचे काटे काढून घास हातात द्यायची. मी शाळेतून आले की हात धरून त्यांना खाडीपर्यंत नेऊन आणायची. आमच्यात बापाला अरे-तुरे करतात, त्यात अनादर नसतो. "बाबा, डावीकडं वळ, बाबा, दगड हाय," असं बडबडत मी चालायची आणि मनातून मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. तिकडे मिठागरात काका एकटे होते. ऐन हंगाम, बाबांच्या वाटचं काम त्यांच्या अंगावर. रात्री पाठीला तेल चोळून घेताना ते कण्हायचे. बाबांना ते ऐकू यायचं आणि ते रेडिओचा आवाज कमी करायचे.

मग मला ते दिसलं. एक दिवस आई मोरी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या वाटेत भाजीची टोपली ठेवून विसरली. बाबा हात-पाय धुऊन येत होते. मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनी टोपलीला छान वळसा घातला आणि ते चुलीपाशी जाऊन बसले. मला वाटलं, योगायोग. काकी म्हणाली, "घर त्याचंच ना, पायांना सवय हाय." पण टोपली तिथे रोज नसते, तिची सवय कुठून असणार? हे माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळायला लागलं. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून मी जेवायचा पाट त्या वाटेत मधोमध ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिले. बाबा आले. पाटाच्या दोन पावलं अलीकडे त्यांचं अंग उजवीकडे झुकलं, पाय बाजूला पडले, आणि ते गेले. मी पाट डावीकडे सरकवला, मग बादली ठेवली, मग गोधड्यांची वळकटी. चार दिवस हा उद्योग केला. एकदाही ते अडखळले नाहीत.

शेवटी मी विचारलं, "बाबा, आता तू वळलास का?"

"कवा?"

"आता, येताना. वाकडा आलास तू."

"नाय गो. सरल आलो." आणि हे अगदी साधेपणाने म्हणाले.

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. बाबांना दिसायला लागलंय, फक्त त्यांना अजून कळलेलं नाही, आठ-पंधरा दिवसांत नीट दिसेल, असा मी हिशेब मांडला. ही बातमी पहिली कुणाला द्यायची? आई बाजारात गेली होती. काका नुकतेच मिठागरातून आले होते, पायांना मीठ आणि चिखल, ओटीच्या पायरीवर बसून तांब्याने पाणी ओतून घेत होते. मी धावत गेले आणि म्हटलं, "काका, बाबांना दिसतं." पाट, बादली, वळकटी, सगळं भडाभडा सांगितलं. वर त्यांना खिडकीतून दाखवलंही. बाबा आतून आले, मी ठेवलेल्या पाटाला वळसा घालून गेले. काका बघत राहिले. तांब्यातलं पाणी संपलं होतं तरी तो त्यांच्या हातात तिरका तसाच होता. मला वाटलं त्यांनाही आनंदाने बोलता येत नाहीये. इतकी मी मूर्ख होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ओटीवर येऊन फावडी बाबांच्या पायाशी टाकली. "चल," म्हणाले. "लय झाली नाटकं."

बाबांना काही समजेना. "दादूस, मना दिसत नाय."

"पाट दिसतो, बादली दिसते, काम तेवढं दिसत नाय. डाक्टर पयलेच बोलला व्हता, डोले ठनठनीत हायत. मी गाढवासारखा मरतोय आनि तू हितं रेडू ऐकतोस."

आई मध्ये पडली. दिराच्या समोर कधी आवाज न चढवणारी बाई त्या दिवशी पदर खोचून उभी राहिली. पण बाबांनीच तिला बाजूला केलं, चाचपडून फावडी उचलली आणि निघाले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी दाराआड होते आणि बोलले नाही. काका, मी तसं म्हणत नव्हते, एवढे चार शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मिठागरात बांधावर बायका-माणसं काम थांबवून बघत होती. वीतभर रुंद बांध, दोन्हीकडे पाणी, त्यावरून बाबा न पडता चालत गेले. आमच्याकडे बांधावरून चालणं हीच डोळ्यांची परीक्षा. म्हातारा बांधावरून घसरायला लागला की लोक म्हणतात, याची नजर गेली. बाबा घसरले नाहीत, तेव्हा निकाल तिथेच लागला. मग काकांनी सांगितलेल्या जागी उतरून त्यांनी फावडी ओढायला घेतली. हातांना काम आठवत होतं. खर्र, खर्र. पण वाफा बसलाय की नाही हे सांगणारे डोळे नव्हते, आणि काकांना ते कधीच कळत नव्हतं. वाफा कच्चा होता. चिखल वर आला. बाबा ओढत राहिले, रास लावत राहिले, आणि पांढऱ्या रांगेत ती एक काळी रास उभी राहिली. कुणीतरी हसलं. काका म्हणाले, "मुद्दाम केलंस. माज हाय तुला." बाबांनी वाकून मूठभर मीठ घेतलं, बोटांत चोळलं, जिभेला लावलं आणि थुंकले. त्यांना कळलं. घरी येताना मी हात धरायला गेले तर त्यांनी हात सोडवून घेतला.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही. बाबा दिसत असल्याचं सोंग करायला लागले. दिसत नाही म्हटलं की शिव्या पडतात, तर दिसतं म्हणू, झालं. आईने सणाची साडी नेसली की म्हणायचे, "बरी दिसते." कोण आलंय हे आवाजावरून ओळखून आधीच हसायचे. उरणकडचा एक मावसभाऊ काविळीतून उठून आला होता, हाडांचा सापळा, त्याला म्हणाले, "काय रं, सुटलास लय." ओटीवरचे सगळे हसले, तो बिचारा खाली बघायला लागला, आणि काकी आत येऊन म्हणाली, "बघा, आता येड्याचं सोंग." आंधळा म्हणावं तर वळसा घालतो, डोळस म्हणावं तर माणूस ओळखत नाही. घराने मग ठरवून टाकलं की हा माणूस लबाड आहे. ताटात वाढणं बदललं. काटे काढून द्यायचं आईने थांबवलं नाही, पण ती ते पदराआड करायला लागली.

एका संध्याकाळी मी ओटीवर गणितं सोडवत होते. बाबा हळूच म्हणाले, "कुंदे, मी खोटा हाय का गो?"

मी म्हटलं, "नाय बाबा."

"मग समदे बोलतात ते? तू पन बोललीस ना, मी वाकडा आलो म्हनून. मना तर सरल वाटलं. मंग मीच खोटा असंन. मना न सांगता खोटा." त्यांनी हे रडत नाही सांगितलं. एखादा हरवलेला चमचा शोधताना माणूस बोलतो तसं पुटपुटले. मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरीही पाट मीच ठेवला होता, काकांना मीच सांगितलं होतं, हे मी कबूल केलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा मुंबईहून पनवेलला यायच्या, त्यांच्याकडे आईने नेलं. मी बरोबर होते. काका स्वतःहून आले, भावाची लबाडी पकडली जाणार म्हणून. बाई तरुण होत्या, आवाज मऊ, पण घाई अजिबात नाही. त्यांनी खोली अंधारी केली, बाबांना खुर्चीत बसवलं आणि समोर छोटी बॅटरी धरली. कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

"उजेड कुठल्या बाजूला आहे?"

"मना दिसत नाय."

"माहीत आहे मला. तरी अंदाज सांगा. चुकला तर चुकला."

बाबा म्हणाले, "डावा." डावीकडेच होता. मग उजवा, उजवा, डावा. सगळे बरोबर. माझ्या मागून काकांचा हुंकार आला, "हं." खोलीत तो सगळ्यांनी ऐकला, बाबांनीही. त्यांचा चेहरा मी बॅटरीच्या उजेडात पाहिला. बरोबर उत्तर आलं की आपण लबाड ठरतो, हे त्या माणसाला तिथे कळलं. पुढच्या वेळी उजेड डावीकडे होता, बाबा म्हणाले "उजवा". उजवीकडे धरला, "डावा". बाई बॅटरी हलवत राहिल्या. वीसेक वेळा तरी विचारलं असेल. बाबांनी एक सोडून सगळी उत्तरं चुकवली. कपाळावर घाम आला होता. आई तोंडाला पदर लावून उभी होती. पोरगा नापास झाला तर जशी आई उभी राहील तशी, आणि तिला माहीत नव्हतं की नापास होण्यासाठीच त्याची धडपड चालली आहे.

बाईंनी दिवा लावला. बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अंदाजाने बोलणाऱ्याचं निम्मं तरी बरोबर येतं. तुमचं आधी सगळं बरोबर आलं आणि नंतर जवळजवळ सगळं चुकलं. म्हणजे आतून तुम्हाला दर वेळी कळत होतं."

बाबा लहान मुलासारखे रडायला लागले. "बाई, आयच्यान सांगतो, मना काळोख हाय. मी खोटं नाय बोलत."

"तुम्ही खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "दोन्ही खरं आहे." मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी जसं ऐकलं तसं आजही सांगू शकते. डोळ्यांनी घेतलेलं सगळं डोक्याच्या मागच्या भागात जातं. तिथलं काम झालं की माणसाला 'मला दिसतंय' असं वाटतं. बाबांचा नेमका तो भाग मार लागून गेला होता. पण डोळ्यांपासून आणखी एक बारीक वाट निघते, ती वेगळीकडून जाते आणि हातापायांना हलवते. ती शाबूत होती. ती वाट पायांना वळवते, पण माणसाला काही सांगत नाही.

मग काका म्हणाले, "म्हंजे मोठी उघाडी बंद झाली, पन बाजूच्या नालीतून पानी येतंय." बाई म्हणाल्या, बरोबर, अगदी तसंच. काकांनी मान खाली घातली. जन्मभर पाण्याशी काम केलेल्या माणसाला ते झटकन समजलं, आणि समजल्यावर त्यांना तिथे बसवेना. ते उठून बाहेर गेले. नंतर आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी बाबांच्या चपला उचलून त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या होत्या. माफी म्हणून त्यांनी एवढंच केलं, आणि ते त्यांच्या मानाने पुष्कळ होतं.

पण निघण्याआधी बाबांनी बाईंना एक विचारलं होतं. "बाई, मना दिसत नाय. तरी आतमधी कुनीतरी बघतंय. मग बघतंय कोन?" बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "ते अजून कुणालाच नीट माहीत नाही," म्हणाल्या. मला तेव्हा त्या बाईंचा राग आला. एवढं शिकून हे उत्तर? आता वाटतं, त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत प्रामाणिक त्याच होत्या.

मी पुढे चष्म्याच्या धंद्यात पडले. पनवेलच्या बाजारात तीस वर्षं दुकान चालवलं. हजारो माणसं समोर बसवली, काच बदलली, विचारलं, आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं? गिऱ्हाईक म्हणेल ते लिहून घेतलं. दुसऱ्याला काय दिसतं हे बघायला कुणाला आत शिरता येत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. माझ्या हाताखालची मुलगी कधी म्हणाली, बाई, तो माणूस उगाच सांगतोय, की मी तिच्यावर अशी खेकसायची की ती दोन दिवस बोलत नसे. का खेकसते हे तिला सांगितलं नाही.

बाबा पुढे बरीच वर्षं होते. नजर परत आली नाही. मिठागर गेलं, त्या जागी भराव पडला, आता तिथे रस्ता आहे. ओटीवर रेडिओ होता, काका शेजारी येऊन बसायचे आणि आपण होऊन बोय माशाचे काटे काढून द्यायचे, वाईट काढायचे, आई पुन्हा तपासायची. मी मात्र बाबांशी नीट बोलू शकत नव्हते. घरात त्यांच्या वाटेत आले तर गप्प उभी राहायची आणि ते मला वळसा घालून निघून जायचे. टोपलीला घातला तसाच. मला ती शिक्षा योग्य वाटायची.

लग्न ठरल्यावरची गोष्ट. हळदीच्या आदल्या दिवशी मी त्याच मधल्या वाटेत उभी होते, काहीतरी आणायला आले होते आणि काय ते विसरले होते. बाबा मोरीतून आले. माझ्यापासून दोन पावलांवर त्यांचं अंग नेहमीसारखं उजवीकडे झुकलं. पण या वेळी ते थांबले. एक पाय बाजूला पडलेला, तो त्यांनी परत सरळ घेतला. नंतर आईने सांगितलं, अलीकडे ते तसं करायला लागले होते, पाय आपोआप वळायला लागले की थांबायचे, म्हणजे समोर काहीतरी आहे असं समजायचे. मला ते ठाऊक नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला आणि हसून म्हणाले, "आज पाट ठेवलाय का माझी पोर उभी हाय?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. काकांना कुणी सांगितलं, फावडी पायाशी कुणामुळे पडली, सगळं. ओटीवर त्या संध्याकाळी मला विचारलं तेव्हाही माहीत होतं. मी तशीच उभी राहिले, आणि त्यांचा हात आधी माझ्या खांद्यावर पडला, मग कानावर, मग चाचपडत चाचपडत डोक्यावर आला.